परत आलेल्याचे गाणे

लढाईवर जाणाऱ्या माणसाचे गाणे आणि लढाईवरून परत आलेल्या माणसाचे गाणे ही दोन अगदी निराळी गाणी होत. पहिल्याचा आपल्या भाषेत सुकाळ आहे. डफ-तुणतुण्याच्या साथीवर ते तीनशे वर्षांहून अधिक काळ गाजत आले आहे. दुसरे गाणे कोठे आहे, हा प्रश्न इतकी वर्षे काव्याचा व्यासंग करूनही मला कधी पडला नव्हता. तो गेल्या आषाढात येथे गारगोटीस एका परदेशी गाण्याच्या निमित्ताने पडला; आणि ज्या वृद्ध बाईमुळे पडला, तिने काव्यशास्त्राचे नावही ऐकलेले नाही.

आषाढातील गारगोटीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको की, एकदा रोपलावण उरकली आणि वेदगंगेला पाणी चढले, म्हणजे संध्याकाळी एकमेकांच्या घरी जाऊन बसण्याखेरीज माणसांस दुसरा उद्योग राहत नाही. अशाच एका संध्याकाळी आमचे एक स्नेही आले. ते इंग्रजीचे अध्यापक आहेत, आणि हल्ली त्यांस परदेशी लोकगीतांचा छंद जडला आहे. आपल्या फोनवर त्यांनी एक जुने आयरिश गाणे लावले. माजघराच्या उंबऱ्याशी आमच्या सौभाग्यवतींजवळ शेजारच्या आक्का वाती वळीत बसल्या होत्या. आक्कांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे असावे. त्यांचे माहेर भुदरगडाच्या पायथ्याकडील एका वाडीतले. गाण्यातला एक शब्दही त्यांस कळण्याजोगा नव्हता. पण त्यांचा वाती वळणारा हात थांबला, हे मी पाहिले.

ते गाणे म्हणजे ‘जॉनी, आय हार्डली न्यू या’. प्रसंग असा : एका बाईस तिचा माणूस रस्त्यात भेटतो. तो तिला व पोरास टाकून पलटणीत गेला होता, सिलोनकडे लढून आला आहे. त्याचे पाय गेले आहेत, डोळे गेले आहेत, आणि आता भीक मागण्यासाठी हाती कटोरा घेण्यावाचून त्याला गती नाही. ती बाई त्याच्याकडे पाहून एकेक अवयवाची चौकशी करीत जाते. बस्स, इतकेच. या गाण्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. 1863 साली अमेरिकेतील यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत पॅट्रिक गिल्मोर याने विजयी शिपायांच्या स्वागताचे एक जोशाचे गाणे रचले; त्यातही जॉनीच घरी येतो, पण गावभर घंटा वाजतात व फुले उधळली जातात. पुष्कळ दिवस लोकांची समजूत अशी होती की, हे रडके गाणे आधीचे आणि ते आनंदाचे गाणे त्यावरून उचललेले. संशोधकांनी अलीकडे दाखवून दिले आहे की, प्रकार नेमका उलटा आहे. रडके गाणे 1867 साली लंडनमध्ये छापले गेले, त्याचा कर्ता जोसेफ गेगन, आणि ते लिहिले गेले होते कशासाठी, तर नाटकगृहांत लोकांस हसविण्यासाठी !

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पळपुट्या नवऱ्याची खोड मोडली म्हणून बायको त्याची थट्टा करते आहे, असे समजून लंडनचे प्रेक्षक पोट धरून हसले असतील. पुढे दोन महायुद्धे झाली. घरोघर तसे जॉनी येऊन बसले. आणि तेच गाणे गायक संथ लयीत म्हणू लागले, श्रोते मान खाली घालून ऐकू लागले. करुणरस काव्याच्या शब्दांतच साठवलेला असतो व श्रोता तो नुसता पिऊन घेतो, असे मानणाऱ्या पंडितांनी या गाण्याचे काय करावयाचे ? माझे मत असे की, हे गाणे आजही हृदयास भिडते ते त्याच्या मूळच्या थट्टेमुळेच. ती बाई रडत नाही. ती विचारते. तुझे डोळे कोठे आहेत, तुझे पाय कोठे आहेत, हे तिचे प्रश्न एखाद्या गृहिणीने प्रवासातून आलेल्या सामानाची मोजदाद करावी तसे आहेत. दुःखाचे नाव न घेता ती नुसती यादी करते, आणि यादीतील उणे भरून काढण्याचे काम श्रोत्याच्या गळ्यात येऊन पडते.

आमचे स्नेही हा सारा इतिहास सांगत असता आक्का मध्येच म्हणाल्या, “अण्णा, काय म्हनतीया ती बाई ?”

मी थोडक्यात सांगितले. आक्का जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मजी तिनं त्येला वळाकलंच न्हाई म्हना की. आमच्या आईनं बी वळाकला न्हवता.”

त्या दिवशी त्या यापलीकडे काही बोलल्या नाहीत. पुढे जे सांगितले ते दोनतीन बैठकांत, सौभाग्यवतींस, आणि मी आसपास आहे हे ठाऊक असून नसल्यासारखे करून. त्याकडे मी येतोच. पण त्या एका वाक्याने मला त्या रात्री झोप येऊ दिली नाही. आपल्या मराठीत असे गाणे नसावे काय ?

प्रथम साहजिकच पोवाड्यांकडे वळलो. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी 1891 साली प्रसिद्ध केलेला पोवाड्यांचा संग्रह पुन्हा काढला. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आहे, तुलसीदासाचा सिंहगडचा आहे, खर्ड्याच्या लढाईचे आहेत. या काव्याची थोरवी मला मान्यच आहे. पण पोवाड्याची रीत अशी की, वीर पडला तेथे गाणे शिखरास पोहोचते आणि गड हाती आला की ते संपते. तानाजी पडतो, शेलारमामा उरतो. तो ऐंशी वर्षांचा म्हातारा गडावरून खाली उतरल्यावर घरी जाऊन रात्री काय करीत असेल, हे कोण्या शाहिराने विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शाहिराचा यात दोष नाही. तो दरबारात किंवा चव्हाट्यावर उभा राहून गातो, त्याच्यापुढे उद्या लढाईवर जाणारे तरुण बसलेले असतात, आणि त्यांस शेलारमामाच्या रात्री सांगून चालण्यासारखे नसते. लावणीने दुसरी बाजू सांभाळली. स्वारीवर गेलेल्या राऊताची वाट पाहणारी त्याची स्त्री लावणीत जागोजाग भेटते. पण राऊत घरी आला की लावणीही संपली. कारण विरह संपला, असे लावणीस वाटते.

पानिपताची गोष्ट तर फारच बोलकी आहे. 1761 सालच्या त्या संहारातून जे परतले त्यांत नाना फडणवीस होते. त्यांनी आपल्या त्रोटक आत्मवृत्तात त्या पळाची हकीकत लिहून ठेवली आहे. महादजी शिंदे एका पायाने कायमचे अधू होऊन परतले. पुढे दोघेही इतके मोठे झाले की, त्यांचे ते परत येणे इतिहासात एक ओळ होऊन बसले. याउलट, ‘हा तोच का ?’ असा ओळखीचा प्रश्न ज्याच्याविषयी महाराष्ट्रभर गाजला, ज्याच्यावर नरसिंह चिंतामण केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, तो भाऊसाहेब म्हणून परतलेला मनुष्य मुळी खोटाच होता ! खरोखरी परतलेला आणि तरीही न ओळखू येणारा असा शिपाई आपल्या नाटकात नाही, पोवाड्यात नाही.

दगडांवरही नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडील कितीएक गावांत संगमरवरी फलक बसविले. ते अजून चावड्यांच्या व शाळांच्या भिंतींवर दिसतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके पडले, एवढे दोन आकडे त्यांवर असतात. साताऱ्याजवळील अपशिंगे गावाचे शेहेचाळीस पुरुष त्या युद्धात कामास आले. पडलेल्यांचा मान झाला हे योग्यच झाले. पण परत किती आले हे मात्र ज्याने त्याने वजाबाकी करून काढावयाचे. त्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. एकशे सत्तेचाळीस दिवस उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 रोजी त्या फौजेने शस्त्रे खाली ठेविली, आणि मग कैद. त्या कैदेतून सुटून जे घाटावरील आपल्या गावी आले, त्यांच्या घरी काय गायिले गेले असेल ?

आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांची अडचण तर याहून चमत्कारिक होती. गारगोटीच्या लोकांस 13 डिसेंबर 1942 हा दिवस सांगावा लागत नाही. त्या रात्री येथील कचेरीवर जो हल्ला झाला त्यात सात जण हुतात्मा झाले. गावाने त्यांचे स्मारक केले, शाहिरांनी त्यांची गाणी केली, आणि ते सर्वथैव उचित झाले. पण त्याच काळात याच भागातील कितीतरी पुरुष सरकारच्या गणवेशात समुद्रापलीकडे होते. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी 1944 साली आणि सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी 1945 साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ही नावे आपण अभिमानाने घेतो. बाकीचे मुकाट्याने घरी आले. ज्या सरकारच्या कचेरीवर चालून जाऊन गावचे लोक मेले, त्या सरकारचा पगार खाऊन हा आला. त्याला कोणी दोष दिला असे नव्हे. पण त्याचे गाणे कोण करणार ?

आक्कांचे वडील अशांपैकीच एक. ते 1946 साली इटलीहून परत आले तेव्हा आक्का सहासात वर्षांच्या होत्या. गडी धडधाकट आला होता. हातपाय, डोळे, सारे जागच्या जागी. “पर रातीला चिमणी इझवू द्यायचा न्हाई,” आक्का म्हणाल्या. रॉकेलची चिमणी रात्रभर जळत राहावयाची आणि हा माणूस दाराशी भिंतीला टेकून बसावयाचा. कोणी दिवा मालविला तर उठून पुन्हा लावावयाचा, बोलावयाचा नाही. रॉकेल तेव्हा कंट्रोलचे. आईस पहाटे दळण असे. ती जात्यावर बसली की तिच्या ओव्या सुरू होत आणि त्यांत चारदोन ओव्या या तेलाच्या असत.

त्यांतील दोन ओव्या आक्कांनी सौभाग्यवतींस म्हणून दाखविल्या. मी आतल्या खोलीत होतो, ऐकू आल्या. नंतर मी वही घेऊन बाहेर आलो, तो आक्का म्हणाल्या, “लिवू नका, अण्णा. घरातलं हाय त्ये. तेलाचं सांगा पायजे तर.” तेव्हा शब्द मी येथे देत नाही, तेलाचे तेवढे सांगतो.

त्या ओव्यांत लढाई नाही. इटली नाही, बंदूक नाही, पलटण नाही. नवराही नाही, कारण जात्यावरची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, घेतलेच तर चुड्याचे किंवा कुंकवाचे नाव घेते. ओवी भावाला उद्देशून आहे, आणि बहिणीची भावाजवळ तक्रार एवढीच आहे की, घरातले तेल पुरत नाही. भाऊ येईल तेव्हा त्याने काय आणावे तर तेल आणावे. लुगडे नको, चोळी नको. ज्यांस ओव्यांचा परिचय आहे त्यांच्या ध्यानी येईल की, भावाजवळ चोळी मागणे हा या वाङ्मयाचा ठरीव रिवाज आहे; हजारो ओव्या त्या एका चोळीवर आहेत. त्या चोळीच्या जागी तेल ठेवले, एवढीच काय ती या बाईची कारागिरी. पण हे तेल ऐकताच माझ्या अंगावर काटा उभा राहिला. रात्रभर दिवा का जळतो हे ती सांगत नाही. ऐकणाऱ्या शेजारणींस ते ठाऊक होते. मला आक्कांनी सांगितले होते. आणि ज्याला कोणी सांगितलेले नाही त्याच्याही मनात हा प्रश्न उभा राहतोच की, इतके तेल या घराला लागते कशाला? गाणे ऐकणाऱ्याला त्या दाराशी नेऊन सोडते आणि आपण दळीत राहते.

येथे आमचे अध्यापक स्नेही म्हणाले की, या व्याधीला आता वैद्यकात नाव आहे. 1915 साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द छापील लेखात आणला, त्यानंतर नावे बदलत गेली व उपचारही निघाले. हे खरे आहे, आणि ते नाव त्या वाडीत तेव्हा कोणाला ठाऊक असते तर त्या घराचे थोडे तरी दुःख हलके झाले असते. पण व्याधीचे नाव कळल्याने गाण्याचे मर्म कळते असे मला वाटत नाही. किंबहुना नाव नव्हते म्हणूनच तेल आले.

आता शास्त्राकडे पाहू. वाल्मीकीचा शोकच श्लोक झाला असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण क्रौंच पक्षी हा वाल्मीकीचा कोणी नव्हे, हे आपण विसरतो. दुसऱ्याच्या शोकाने कळवळणे निराळे आणि स्वतःच्या शोकाचे गाणे करणे निराळे. साहित्यशास्त्रकार म्हणतात की, स्वतःचा शोक हा नुसता शोक. तो ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ असा न राहता सर्वांचा झाला, म्हणजेच त्याचे साधारणीकरण झाले, की मग तो करुणरस. 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात केळकरांनी अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी उपपत्ती मांडली, तिचाही आशय साधारण असाच की, वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरा, पण आपले स्वत्व सोडून नव्हे. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद आहे. ही उपपत्ती वाचकाला उत्तम लागू पडते. पण जात्यावरच्या त्या बाईला कशी लागू करावयाची ? ती कर्तीही तीच, भोगणारीही तीच. आणि ऐकणारा कोणी असलाच, तर दाराशी बसलेला तो स्वतः. तिला आपल्या दुःखापासून दोन हात दूर कोणी केले ?

माझे उत्तर असे की, तेलाने केले आणि जात्याने केले. जाते ओढताना हात एका ठराविक फेऱ्याने फिरतो, श्वास त्याला बांधलेला असतो, आणि ओवीची ओळ श्वासाइतकीच लांब होऊ शकते. मन मानेल तितका आकांत त्या ओळीत मावतच नाही. शिवाय पहाटेच्या आत पायली दळायची असते. रडू आले तर दळण थांबेल. दळण थांबले तर पोरे उपाशी राहतील. कवीला वृत्ताचे बंधन असते असे आपण म्हणतो. येथे वृत्ताच्या जागी दगडाच्या दोन तळ्या होत्या. त्या बंधनात राहून जे सांगता येण्याजोगे होते, ते म्हणजे तेलाचा हिशेब.

कोणी म्हणेल की, ही टीकाकाराची कल्पकता झाली. गरीब बाई खरोखर तेलाचीच तक्रार करीत नसेल कशावरून? हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. कंट्रोलच्या दिवसांत बाटलीभर रॉकेलची किंमत काय होती ती त्या पिढीलाच ठाऊक. मला वाटते ती तेलाचीच तक्रार करीत होती, आणि म्हणूनच गाणे खरे उतरले. दिवा हे दुःखाचे प्रतीक करावे अशा बुद्धीने जर ती बसली असती, तर चांगली नवकविता झाली असती व आक्का ती ऐंशी वर्षांनी विसरून गेल्या असत्या.

दूरच्या मुलखांतही हेच आढळते. जॉन प्राइन या अमेरिकन गायकाने 1971 साली व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या एका शिपायाचे ‘सॅम स्टोन’ हे गाणे केले. तो शिपाई अफूजन्य विषाच्या आहारी गेला आहे. आणि त्याचे मूल बापाची दुर्दशा सांगते ती घरातला पैसा कोठे जातो या हिशेबाने. तेथे पैसा, येथे तेल. गायकाने आमच्या वाडीतल्या ओव्या ऐकण्याचा संभव नाही. घराला जे दिसते ते सर्वत्र एकच असते, एवढाच याचा अर्थ. लढाई घराला दिसत नाही. घराला दिसते ते उणे.

जो लढून आला त्याने स्वतःचे सांगावयाचे ठरविले तर काय होते, याची एक साक्ष जर्मनीत जपून ठेवली आहे. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ व्ह्यून्सडोर्फ येथे हिंदी कैद्यांची छावणी होती. जर्मन पंडित तेथे निरनिराळ्या भाषांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेत असत. 1916 च्या डिसेंबरात मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा आवाज असाच घेतला गेला. तो आजही ऐकावयास मिळतो. त्या बोलण्यात ‘मी’ हा शब्दच नाही. कोणी एक मनुष्य होता, हिंदुस्थानात असताना लोणी खात असे, तो लढाईत आला, पकडला गेला, त्याला घरी जावयाचे आहे, अशी तो आजीच्या कहाणीसारखी सुरुवात करतो. आपल्याच दुःखाला ‘एक मनुष्य’ म्हणून समोर बसविणे आणि आपल्याच दुःखाला ‘तेल’ म्हणणे, यांची जात एकच. लोण्याचा तो उल्लेख ऐकून मला जे वाटले ते मोठमोठ्या युद्धकाव्यांनी वाटले नाही.

होमराने तर ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. ट्रॉयची लढाई करून भटकत निघालेला ओडिसिअस परक्या राजाच्या दरबारात बसला आहे; अंध भाट त्याच लढाईचा पोवाडा गातो. दरबारी खूश होतात. ओडिसिअस मात्र वस्त्राने तोंड झाकून रडतो. आणि कवी त्याच्या रडण्याला उपमा देतो ती लढाईत पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून रडणाऱ्या स्त्रीची. ज्याचा पोवाडा चालला आहे त्यालाच तो सहन होत नाही ! आमच्याकडे राष्ट्रीय सणांच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर शिपायांची जी गाणी सकाळपासून लागतात, ती ऐकताना मला हल्ली या तोंड झाकून बसलेल्या माणसाची आठवण येते. त्या गाण्यांत शिपाई एक तर सीमेवर उभा असतो किंवा तिरंग्यात गुंडाळलेला असतो. तिसरी अवस्था त्यांस ठाऊक नाही. ती श्रोत्याला रडण्याची आज्ञा करतात, आणि श्रोता आज्ञाधारकपणे रडून घरी जातो. त्या रडण्याला मी खोटे म्हणत नाही. पण ते स्वस्त असते. सैनिक टाकळीसारख्या, घरटी शिपाई देणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील गावांत ही गाणी पारावर लागतात तेव्हा निवृत्त होऊन आलेली माणसे कोठे बसतात, हे कोणी तरी पाहावयास हवे.

आता ‘लिवू नका’ याविषयी दोन शब्द. ओव्या लिहून ठेवल्या गेल्या म्हणून वाचल्या, हे मी जाणतो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या; डॉ. सरोजिनी बाबर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या कामाचे ऋण फिटणारे नाही. आक्कांच्या नकारावर सौभाग्यवतींचे व माझे थोडे वाजलेही. माझे म्हणणे, या दोन ओव्या आक्कांबरोबर जाणार, आणि मराठीत ज्या गाण्याचा दुष्काळ आहे त्यातला हा एक दाणाही जाणार. सौभाग्यवती म्हणाल्या, तुम्हांला गाणे हवे आहे, पण तो माणूस कोणाचा तरी बाप होता. बाईच्या तोंडून सहज आलेल्या या बोलण्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. ते गाणे हृदयास भिडले त्याचे एक कारण हेही असेल की, ते मला उद्देशून नव्हतेच. मी आतल्या खोलीत होतो. पोवाडा समोर बसून ऐकावयाचा असतो. हे गाणे भिंतीपलीकडून कानी येते, आणि आपण ऐकले याची थोडी लाज वाटते. ते छापून समोर मांडले असता त्यातले किती उरले असते, मला सांगता येत नाही. तरी वही उघडी ठेवली आहे. आक्कांचे मन कधी पालटले तर पालटले.

मागील पंधरवड्यात मी एकदा त्यांस विचारले की, आईने त्या ओव्या पुढेही म्हटल्या काय ? आक्का म्हणाल्या, वाडीत वीज आली, घरात दिवा लागला, मग तेलाचे काय म्हणणार ? वडील विजेच्या दिव्याखालीही तसेच बसत. ते वारले तोवर बसत. आई मात्र पुन्हा त्या ओव्या म्हणाली नाही. शिवाय तोवर इंजिनाची गिरणी आली होती, जाते उचलून परड्यात नेऊन ठेवले होते. की गिरणी आधी आली आणि वीज मागून, हे आक्कांस नीट आठवेना. त्या पुष्कळ वेळ बोटांवर वर्षे मोजीत राहिल्या.